चित्र की आवाज

धाकटीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. बाबांनी हयातभर कॅमेऱ्यावर टिपलेल्या सहली, वाढदिवस, घरातली भांडणं, सगळं तिला आईसाठी एकाच डिस्कवर बसवायचं होतं, आणि ते काही केल्या बसत नव्हतं.

"दोन डिस्क कर की," थोरला भाऊ फोनवर म्हणाला.

"प्लेअरचा ट्रे अडकतो, दादा. सुरीने उचकटावा लागतो. आईने दर वेळी सुरी घेऊन बसायचं का?"

"मग नवा प्लेअर घे."

"तिला तोच हवाय. त्याची बटणं पाठ आहेत तिला."

"मग थोडं काप."

"काय कापू? तुझं सायकलवरून पडणं?"

"ते राहू दे," तो घाईघाईने म्हणाला.

सल्ले द्यायला याचं काय जातंय! तिने फोन आपटला. चित्र चांगलं ठेवलं की जागा संपल्याची लाल पट्टी यायची. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला दिलेली जागा, उतरवला की समुद्राचे चौकोनी तुकडे पडायचे. वर-खाली करून ती रडकुंडीला आली. शेवटी चित्राला धक्का न लावता तिने आवाजाचीच जागा छाटली. पट्टी हिरवी झाली.

दुपारी डिस्क लावली. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे असे डब्यात बसून बोलल्यासारखे काय बोलतायत?"

"आवाज जरा दाबलाय गं. पण चित्र बघ ना, किती स्वच्छ आलंय!"

"चित्रात आहे कोण? तू, दादा नि मी. हे कधी दिसलेत का त्यात? कॅमेरा हातातून सोडला असता तर ना!"

एवढे दिवस धाकटी फिती चाळत होती. बाबा जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिले, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता चिडायचं तरी कुणावर? ती तणतणत संगणकाकडे गेली, आवाज पुरता मोकळा केला आणि चित्राचा आकार निम्म्यावर आणला. तासन्‌तास संगणक घरघरत राहिला.

संध्याकाळी समुद्र धूसर दिसत होता. चेहरे तर पुसल्यासारखेच. पण बाबा अगदी खोलीत उभे असल्यासारखे ओरडले, "अगं, हस की जरा!"

"वाळूत पाय पोळत होते माझे," आई पडद्याकडे बघून फणकारली. "यांना हसू हवंय!"

मग तिने रिमोट उचलला आणि तेवढाच भाग पुन्हा मागे घेतला.