थंडीतली माझी रजा

मित्रांनो, अहमदपूरला बसस्थानकामागच्या गल्लीत, मकसूदभाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी निळ्या रंगाचा, हँडल तुटलेला एक जुनाट फ्रिज उभा आहे. तो मी. माझं वय विचारू नका. दारावरचं कंपनीचं नाव कधीच झिजून गेलं आहे, त्यावरून काय ते ओळखा.

माझी उमेदीची वर्षं लातूरच्या एका लॉजमध्ये गेली. गॅस संपला तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मकसूदभाईंनी मला उचललं. फ्रिज दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यांनी कॉम्प्रेसर बदलला, दाराला नवं रबर लावलं आणि विकायला आणलेला मी त्यांच्याच घरी राहून गेलो. एक खोड मात्र गेली नाही. मधूनच मी खडखडायला लागतो. मग वहिदाभाभी ओट्यापासून हाक मारायच्या, "अजी, फ्रिज आवाज कररा, देखो जरा!" मकसूदभाई येऊन माझ्या पाठीवर एक थाप मारायचे आणि मी गप्प व्हायचो.

उन्हाळ्यात माझ्या पोटात निम्म्या गल्लीच्या बाटल्या असायच्या. शेजारच्या केवळाबाई तर न विचारता दार उघडायच्या, तेवढा त्यांचा हक्कच होता. दिवाळी झाली, की मकसूदभाई माझी वायर काढून ठेवायचे ती महाशिवरात्रीनंतरच लावायचे. थंडीत फ्रिज कशाला, असं आमच्याकडे बऱ्याच घरी म्हणतात. तेवढे दिवस मी पापडाचे डबे सांभाळणारं कपाट व्हायचो. खरं सांगू, ती रजा मला फार आवडायची.

गेल्या हिवाळ्यात ती रजा रद्द झाली. मकसूदभाईंची लेक लुबना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं टपालानं बी मागवलं, थंड देशातल्या घटपर्णीचं. या झाडाची पानं सुरईसारखी असतात, आत शिरलेली माशी परत येत नाही. बी मोहरीहून बारीक, मोजून पंचवीस. लुबनानं अब्बांना समजावलं, की हे बी ओल्या शेवाळात सहा आठवडे गारठल्याशिवाय जागंच होत नाही. हिवाळा सरला असं त्याला वाटलं, तरच ते उगवतं.

मकसूदभाई खो खो हसले. "बेटा, आपल्या अहमदपूरची थंडी त्याला पुरणार न्हाई का?"

"न्हाई पुरणार, अब्बा."

"मग यंदा याची सुट्टी कॅन्सल," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पण पहिलं झाड माझ्या दुकानात लावायचं. चहावर लई माशा बसून राहिल्यात."

बोअरचं जड पाणी या बियांना चालत नाही, म्हणून मकसूदभाईंनी माझ्या बर्फकप्प्यात हवेतल्या ओलाव्यानं साचलेला बर्फ वितळवून ते पाणी शेवाळाला दिलं. पेढ्याच्या डब्यात शेवाळ, त्यावर बी. बापलेकीनं तो डबा माझ्या मधल्या कप्प्यात ठेवला आणि दारावर चिकटपट्टी लावून मकसूदभाईंनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'एकवीस जानेवारी'. त्या एका डब्यासाठी मी रात्रंदिवस चालत होतो. रोज दुकानातून आले, की ते दार उघडून डब्याकडे बघायचे आणि विचारायचे, "उठले का रे पाहुणे?" मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आठ जानेवारीला मकसूदभाई दुकानात काम करता करता छातीला हात लावून खाली बसले. ते परत उठले नाहीत.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. जेवण शेजारपाजारहून येत होतं. तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत बायका कुराण वाचत बसल्या होत्या आणि नेमका तेव्हाच मी खडखडायला लागलो. थाप मारणारा हात नव्हता. भाकरी घेऊन आलेल्या केवळाबाईंनी माझं दार उघडलं. आत एक पेढ्याचा डबा, त्यात ओला पाला. त्या डोळे पुसत पुटपुटल्या, "दिवाळीनंतर ह्यांचा फ्रिज बंदच असतोय. कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई बघा." आणि त्यांनी हलकेच माझी वायर काढली.

मित्रांनो, त्यांच्या मनात मायाच होती. पण वायर काढल्यावर मला ओरडता येत नाही. अंधारात माझ्या पोटातला गारवा थोडा थोडा निघून गेला. शेवाळावर पांढरी बुरशी चढली. मी थंड राहू शकलो नाही, याचं दुःख अजून मला सोडत नाही.

एकवीस तारखेला सुजलेल्या डोळ्यांनी लुबना माझ्यासमोर आली. तिनं दार उघडलं. मग जमिनीवर पडलेल्या वायरकडे बघत ती तिथंच बसली. तेवढ्यात केवळाबाई आल्या.

"मीच बंद केला गं त्या दिवशी. म्हटलं, तुमचं बिल वाढून ऱ्हायलं. काही खराब झालं का त्यातलं?"

लुबनानं डबा ओढणीखाली घेतला. "न्हाई, मावशी. बरं केलंत."

तिनं बुरशी धुतली आणि उरलेलं बी दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरून खिडकीत ठेवलं. शिवरात्र होऊन गेली तेव्हा एका डब्यात हिरवा कोंब दिसला. पंचविसांतला एकच. केवळाबाईंनी विचारलं, "एवढ्यातून एकच?" लुबना म्हणाली, "बाकीचे माझ्याकडूनच गेले, मावशी."

दुकानाचं शटर बंदच आहे. तो कोंब खिडकीतच वाढतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राचं कोण ऐकणार? तरी एक मागतो. कुणाच्या घरातली चालू वस्तू बंद करण्याआधी, ती कुणासाठी चालू आहे एवढं विचारत जा. दारावरची ती चिकटपट्टी लुबनानं अजून काढलेली नाही.

उन्हाळ्यासाठी माझी वायर पुन्हा लागली आहे आणि मी अजूनही मधूनच खडखडतो. काल पोळ्या लाटता लाटता वहिदाभाभींनी सवयीनं हाक मारली, "अजी, फ्रिज आवाज कररा, देखो जरा!"

मग त्यांचं लाटणं थांबलं. मी मात्र खडखडतच राहिलो.