चुलीची माती

भीमपूरजवळच्या त्या नव्या विहिरीवर जत्राच भरली होती. खोदताना काळ्या दगडांची भिंत लागली. सहा कोनांचे लांबट दगड, सरपण रचावं तसे एकावर एक. शिवाय गावच्या विहिरी आटलेल्या आणि भिंतीपाशी मात्र पाणी. मग काय, नारळ फुटू लागले आणि खुशालबाबा प्रकटले.

"पांडवाईनं पाताळात बांधली हे भिंत! असे कोन काढाची कोन्या मिस्त्रीची ताकद हाय का? तीर्थ घ्या, दवाखान्याचं जहर सोडा!"

मागच्या वर्षीपर्यंत हेच बाबा बोथच्या बाजारात शेळ्यांची दलाली करत. पण देव म्हटला की गाव डोळे मिटतं.

जयवंताबाईनेही मिटले. नवरा लक्ष्मणराव टीबीचा. दोन महिने गोळ्या खाऊन जरा सावरला होता, तोच तिने गोळ्या बंद करून तीर्थ सुरू केलं. पोळ्याआधी तो गेला.

तेरवी उरकून ती विहिरीत, भिंतीपाशी बसलेल्या बाबांकडे उतरली. "महाराज, माह्यं काय चुकलं?"

"तुही श्रद्धा कमी पडली."

ती भिंतीच्या कडेला हात टेकून खाली बसली. शाळेच्या पोरांना भिंत दाखवायला आलेल्या तेजस्विनी मॅडमना राहवेना.

"ही भिंत कोणी बांधली नाही. खालचा वितळलेला खडक जमिनीच्या फटीत घुसला आणि तिथंच थिजला. थंड होताना आकसून तडकला, आपलं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं तसा. म्हणून हे कोन. जमिनीत झिरपणारं पाणी याच भिंतीला अडतं."

बाबा हसले. "पाताळात जाऊन पाहून आल्या का, मॅडम?"

जयवंताबाईचा हात भिंतीच्या कडेच्या मातीवर होता. दगडालगत माती लाल, टणक. हातभर पलीकडे तीच माती पिवळी, भुसभुशीत. जन्मभर चुली घातलेली बाई ती.

"हे तं भाजेल माती हाय," ती हळूच म्हणाली. "चुलीच्या आतून होते तशी. पांडवाईनं थंडे दगड रचले असते, तं माती काऊन भाजली, महाराज?"

लोक वाकून माती चुरून पाहू लागले.

तिला मात्र रडू फुटलं. रोज तांब्या भरताना ती याच मातीला हात टेकत होती. तीर्थाच्या रांगेत शेजारची नेहा खोकणारं लेकरू घेऊन उभी होती. जयवंताबाईने उठून तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"याले दवाखान्यात ने, माय. डॉक्टर म्हनते तितके दिवस दवा दे. माह्या घरी गोळ्या तशाच पडून हायेत, खानारा नाही. माही श्रद्धा कमी नवती पडली. मी इचारलं नाही. तू इचार."