शिस्तीचा वारा

मिस्त्रींची सारी हयात पंख्या-पंपांच्या जळालेल्या मोटारी भरण्यात गेली. आता त्यांनी इमारतीच्या गच्चीवर पवनचक्की उभारायचं मनावर घेतलं, तेव्हा अध्यक्षबाईंनी एकच अट घातली: रविवारच्या बैठकीत तिच्यावर जिन्यातले दिवे लावून दाखवा, नाहीतर सोमवारी चक्की खाली.

मिस्त्री कामाला चोख. प्लॅस्टिकच्या पाइपातून तीन पाती कापली, तराजूत तोलून सारख्या वजनाची केली. जागा ठरवायला आठवडाभर वारा मोजायचा होता.

"माझ्या दोरीकडे काही नाही," बायको कपडे झटकत म्हणाली. "टाकीपाशी बघा."

टाकीपाशी सोमवार ते शुक्रवार, नऊ ते सात, वारामापकाचा काटा एकाच चढ्या आकड्यावर. असा शिस्तीचा वारा मिस्त्रींनी जन्मात पाहिला नव्हता.

"वारा कधी कामाच्या वेळा पाळतो का हो दाजी?" मेहुण्याने विचारलं. मेहुण्याच्या शंकांना उत्तर द्यायचं नाही, हा मिस्त्रींचा लग्नापासूनचा नियम.

शनिवारी रंगीत तालीम झाली. टाकीपाशी उभारलेली चक्की गरगरली, दिवे लागले. मिस्त्री रात्री शीळ घालत जेवले.

रविवारी सगळी इमारत गच्चीवर. चक्की ढिम्म.

"वाऱ्याला आज सुट्टी?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"लाँड्रीला," मेहुणा टाकीमागे डोकावत म्हणाला. तिथल्या कठड्याच्या जाळीसमोरच शेजारच्या लाँड्रीचा गरम हवा फेकणारा पंखा होता. बंद. "याची मोटार तुम्हीच भरली होती ना, दाजी?"

हशा पिकला. मिस्त्रींनी मान फिरवली, तर पलीकडे दोरीवरच्या चादरी फुगून चिमट्यांशी झटापट करत होत्या.

"तुला ठाऊक होतं!"

"बावीस वर्षं वाळत घालतेय. मला नाही तर कुणाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर माझी दोरी गेली असती."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. लग्न ठरताना पाहिलं होतं, त्याहून आर्जवाने.

"बरं, काढते चादरी," ती म्हणाली. "पण आजपासून कपडे तुम्ही वाळत घालायचे. टाकीपाशी. तिथला वारा शिस्तीचा आहे म्हणे."

"कबूल!"

"अध्यक्षबाई, लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. तासाभरात चक्की दोरीच्या जागी हलली, आणि भर दुपारी जिन्यातले सगळे दिवे लागले.

सोमवारी सकाळी मिस्त्री तोंडात चिमटे धरून चादरीशी झुंजत होते. दहाच मिनिटांत ती कडक वाळली.

"छान," बायको म्हणाली. "आता उशांचे अभ्रे."