पानमळ्यातली सावली

कुंभकोणमजवळच्या चोळपुरमला, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या अंबुजाबाईंचा स्वतःचा पानमळा होता आणि तो त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. नवरा होता तोवर पाहण्याचं कारण पडलं नाही. तो गेल्यावर दिराने, एकोजीने, तेराव्याचं जेवण उरकताच बजावलं, "वैनी, तुम्ही मळ्यांत पाय घालूं नोका. विधवेची सावली पडली की वेल जळतात. मी अस्कं पाहून घेतों."

सगळं तोच पाहणार म्हटल्यावर बाईंनी मान डोलावली. मान डोलावण्यात आपल्या बायकांचा हात कोण धरणार? एकोजी पानांची टोपली ओट्यावर आणून ठेवी, बाई त्यातलं पहिलं पान विठोबापुढे ठेवीत आणि दिराला मनातून आशीर्वाद देत.

मग कुंभकोणमच्या बसस्टँडवर कुणीतरी गांजाच्या पुड्यांसकट सापडला आणि त्याने या मळ्याकडे बोट दाखवलं. सकाळीच पोलिसांची जीप आली. हादग्याच्या गार सावलीत, पानवेलींच्या मधोमध, गांजाची झाडं माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. पानमळ्यात आंघोळ केल्याशिवाय जायचं नाही, चपला बांधावर काढायच्या, असा रिवाज; त्यामुळे परका माणूस तिकडे फिरकतच नसे. एकोजीला कुंपणाची गरजच नव्हती.

"जमीन तुमच्या नावावर आहे," नंदिता नावाच्या फौजदारीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "आत काय लावलंय ते ठाऊक नाही?"

"मी आत कधी गेले नाही."

"स्वतःच्या मळ्यात?"

शिपाई हसले. बाईंना स्वतःलाही ते खोटंच वाटलं, आणि तेच फार लागलं.

एकोजी हात जोडून पुढे आला. आपण नुसतं पाणी सोडतो, मालकीण सांगेल ते लावतो, असं त्याने सांगितलं. बाईंनी मराठीत विचारलं, "एकोजी, विठोबाची आण घेऊन सांगतोस कां?" त्याने फौजदारीणबाईंकडे बघत तमिळमध्येच उत्तर दिलं. घरात आजवर तो वहिनीशी तमिळ बोलला नव्हता.

हद्द दाखवायला बाईंना आत नेलं. सवयीने त्यांनी चपला बांधावर काढल्या. पोलीस बुटांनिशी शिरले. आत हाताच्या पंज्याएवढी कोवळी पानं लोंबत होती. बाईंची सावली त्यांच्यावर पडली, आणि एकही पान सुकलं नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आपण कशाला भ्यालो याची त्यांना चीड आली, आणि एकोजीपेक्षा स्वतःचीच जास्त आली.

मग कोयते चालले. गांजा कुठला आणि पानवेल कुठली हे निवडत बसायला सरकारी माणसाला सवड नसते. हादगे, बांबू, वेल सगळं आडवं झालं. फौजदारीणबाई म्हणाल्या, "चला ठाण्यात. दिराला मागाहून बोलावू."

बांधावर आप्तमंडळी जमली होती. त्यांच्याकडे वळून एकोजी आता मराठीत बोलला, "मी सांगितलोंतों, वैनी, पाय घालूं नोका म्हणून. बघा, अस्के वेल गेले."

चारचौघांनी माना डोलावल्या. बाई जीपकडे निघाल्या. शनिवारच्या भजनाला त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारी कामाक्षी वाटेत उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कामाक्षीने पदर सावरला आणि बाईंची सावली अंगावर पडू नये म्हणून ती दोन पावलं मागे सरली.