पांढरी तीन

कुसुमताईंचा आवाज नवरात्रात फाटला. कोराडीच्या कॉलनीत देवीच्या मंडपात बायकांचं भजन रंगलं होतं. दुसऱ्याच भजनात वरच्या सुराला त्यांचा गळा अडकला आणि नुसती हवा बाहेर आली. पाणी पिऊन त्या पेटीवर बसलेल्या गोपिकाकडे वाकल्या.

"काळी चार नाही गं झेपत आता. खाली घे. पांढरी तीन धर."

गोपिका अकरा वर्षं मंडळाची पेटी वाजवत होती. पण फक्त काळी चारच्या पट्टीत. लग्नाआधी रामटेकला एका भजनी म्हाताऱ्यानं तिला कुठलं बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं, तिनं ते घोकलं. शंभरेक भजनं तिच्या बोटांना पाठ होती. पण सा जरा सरकवला की पेटीवर ओळखीचं काहीच उरत नसे.

तिनं पांढरी तीन धरली. अर्धी ओळ गेली आणि बोटं आपोआप जुन्या जागी धावली. कुसुमताई थांबल्या, पुन्हा उचललं, पुन्हा तेच. मागं कोणीतरी हसलं. तिसऱ्या वेळी कुसुमताईंनी डोळे मिटले आणि नुसत्या टाळांवर भजन पुरं केलं. गोपिका एका सुरावर बोट दाबून, मान खाली घालून भाता हलवत राहिली.

"एवढं काय झालं त्यात?" घरी रुपराव म्हणाला. तो वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता, पाळीवरून नुकताच आला होता. "बाकीचं तर येते ना तुले?"

"मले काहीच येत नाही," ती म्हणाली. "आज समजलं."

शहरात, धरमपेठेत मधुकरराव पेटी शिकवत. दर शनिवारी बसनं ती तिथं जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्यांनी दोन भजनं ऐकली आणि पेटीच्या पट्ट्यांवर पंचा टाकला.

"हात चांगला आहे. पण तुम्हाला जागा पाठ आहेत, सूर नाही. आधी सूर गळ्यातून काढा, मग पंच्याखाली बोटानं शोधा. भजन वाजवायचं नाही. एकही नाही."

"किती दिवस, गुरुजी?"

"ते मला नाही सांगता येत."

दुपारी जेवणं आटोपली की ती बसायची. घरच्या पेटीवरची, वीज केंद्रातून उडून आलेली राख पुसायची, पंचा टाकायची. सा लागायचा. रे कधी लागायचा, कधी नाही. ग हमखास चुकायचा, आणि चुकला हे तिला पंचा उचलल्यावरच कळायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बोटांनाही आता शंका यायला लागली. मंडळात दर गुरुवारी वाजवावी लागणारी नेहमीची भजनंसुद्धा अडखळू लागली.

एका गुरुवारी ती मंडळात पोचली तेव्हा पेटीवर तारा बसली होती. लग्न होऊन कॉलनीत नवीनच आलेली, क्लासात शिकलेली, कोणतीही पट्टी सांगा, वाजवणारी.

"या ना मावशी, बसा," तारा उठू लागली.

"राहू दे वं," गोपिका म्हणाली आणि टाळ घेऊन मागं बसली. पुढच्या गुरुवारी कोणी तिला विचारलंही नाही.

"मी सोडून राहिली, गुरुजी," तिनं त्या शनिवारी सांगितलं.

"सोडा," मधुकरराव म्हणाले. "पण आधीसारखं वाजेल असं समजू नका. ते गेलं."

बसची वाट पाहताना तिला रडू आवरेना. कुणाला दिसू नये म्हणून ती पानठेल्याच्या आडोशाला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तरीही ती पेटीपुढं बसली. त्या वेळेचं दुसरं काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

फाल्गुनात एका भजनाचं धृपद पंच्याखाली, पांढरी तीनमध्ये सलग वाजलं. पुढचं कडवं आलं नाही. तिनं धृपदच पुन्हा वाजवलं, पुन्हा आलं. संध्याकाळी रुपरावनं पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि दोघं कुसुमताईंच्या क्वार्टरवर गेले.

डॉक्टरांनी कुसुमताईंना गाणं बंद करायला सांगून दोन महिने झाले होते. त्या घोगऱ्या आवाजात जेमतेम बोलत. गोपिकानं धृपद वाजवलं. त्यांनी ऐकलं, ओठ हलवले, हळूच सूर लावून पाहिला. तो लागला नाही.

"बरोबर वाजवलंस," त्या म्हणाल्या. "पण आता हासुद्धा उंच होतो गं मला."

गोपिकाचे हात पेटीवरच राहिले. रुपराव दाराशी उभा होता, तो बाहेर बघू लागला.

"मग कुठं लागते तुमचा सूर?" तिनं विचारलं.

"काहून विचारतेस? मला आता गायचं नाही."

"लावा ना एकदा. हळू लावा."

कुसुमताईंनी खर्जात एक सूर धरला. थरथरता, जेमतेम ऐकू येणारा. गोपिकानं तो आधी स्वतः गुणगुणला, मग शोधला. काळी एकवर मिळाला. रे मिळाला. पुढचा दाबला, कानाला खटकला, आणि कुसुमताईंनी मान हलवायच्या आधीच तिनं बोट उचललं.

"चुकला," ती म्हणाली.

"हो," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना खोकला आला. सून पाणी घेऊन आली आणि आता पुरे म्हणाली. रुपरावनं पेटी पुन्हा कॅरियरला बांधली.