चाळीस आकड्यांचा पास

धम्मपाल सरांना आयुष्यात एकाच गोष्टीचा भारी गर्व होता. बायकोच्या मनातलं त्यांना न बोलता कळायचं. लग्नाला चोवीस वर्षं झालेली. संध्यानं भाजीत चमचा जरा जास्त वेळ फिरवला की सर समजायचे, हिला माहेरी जायचंय, अन् संध्याकाळी तिकीट हातात. बदनापुरात बाया म्हणायच्या, नवरा असावा तर असा. घरात हा गुणच म्हणायचा हो. पण ब्रिज या पत्त्यांच्या खेळात त्यालाच चोरी म्हणतात, ही पंचाईत.

जालन्यातल्या स्पर्धेचा शेवटचा डाव चालू होता, अन् सरांची भिडू समोर बसलेली संध्याच. पहिली येणारी जोडी नागपूरला, राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. संध्या एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत दिवसभर दाणे तपासायची, अन् घरी स्वयंपाक आटोपला की पत्ते मांडून बसायची. त्या नागपूरसाठी ती चार वर्षं जीव टाकत होती. सरांना हे बराबर म्हायती होतं.

किती हात करणार अन् हुकूम कोणता, ही बोली तोंडानं सांगायची न्हाई, डब्यातला बोलीचा पत्ता काढून समोर ठेवायचा. भिडूला काय सांगायचं ते तेवढ्यातच. सरांनी एक बदाम ठेवला. डावीकडं मस्तगडचे तातेराव बसलेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी एकदम चार इस्पिकवर उडी मारली. अशी उडी आली की पुढच्यानं मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं, असा नियम आहे, म्हणजे कोणाच्या घाईवरून किंवा रेंगाळण्यावरून भिडूला काही कळू नये. दहा झाले. संध्याचा हात पासच्या हिरव्या पत्त्याकडं गेला, मागं आला, परत गेला. सर मनात मोजतच होते. चाळीसाव्या आकड्याला तिनं पास दिला. तातेरावांच्या भिडूनंही दिला. आता पाळी सरांची.

नुसते आपले पत्ते पाहिले तर पास द्यावा, दुसरं काही न्हाई. पण तिच्याकडं बदामाची साथ आहे, अन् बोलायची हिंमत होईना म्हणून ती अडली, हे त्यांना लख्ख कळलेलं. कळलेलं न कळल्यासारखं खेळायचं, हा या खेळाचा धर्म. सांगायला सोपं आहे. बसा ना तुम्ही त्या खुर्चीवर!

सरांनी पाच बदाम ठेवले.

तातेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, मॅडम जरा जास्तच थांबल्या, बराबर?"

"न्हाई," सर म्हणाले. "नियमापुरत्याच."

तातेरावांनी मान हलवली अन् पंचांना हाक मारली न्हाई. खेळ सुरू झाला तसे संध्यानं नियमाप्रमाणं आपले पत्ते उघडे मांडले: बदामाचे चार पत्ते, इस्पिक एकही न्हाई. पाच बदामाला लागणारे अकरा हात आरामात झाले. संध्या टेबलाकडंच पाहत राहिली.

चहा आला, सरांनी तो तसाच ठेवला. दोनदा जाऊन तोंड धुतलं. पाच बदाम आपण असेही बोललोच असतो, असं स्वतःला समजावून पाहिलं, पटलं न्हाई. याच मार्चमध्ये शेजाऱ्याच्या पेपरात डोकावला म्हणून एका पोराला त्यांनी वर्गाबाहेर काढलं होतं. अन् संध्या खिडकीपाशी पाठ करून उभी. सरांनी पाठीवरूनच ओळखलं, माझ्या खोट्यानं हिचं मन विटलं. ते त्यांना सोसवेना.

पंच सोमेश्वर निकालाचा कागद घेऊन उठतच होते. सर आडवे गेले अन् म्हणाले, "ती चाळीस आकडे थांबली होती. मी खोटं बोललो. ती थांबली नसती तर मी पासच दिला असता."

त्या डावाचा निकाल फिरला. तातेरावांचे चार इस्पिक पुरे झाले असं धरलं, अन् नागपूर त्यांच्या जोडीला गेलं. तातेराव एवढंच म्हणाले की आम्ही तर तुमचा शब्द मानलाच होता. शिवी दिली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

मोटारसायकलवर संध्या मागं बसलेली. कारखाने मागं पडले. सरांनीच तोंड उघडलं. "नागपूर माझ्यामुळं गेलं. पण मी खोटं बोललो ते तुला पटलं न्हाई, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"तुम्हाला काहीच कळलं न्हाई."

सरांनी गाडी हळू केली.

"पास द्यायचा हे माझं दहा आकड्यांतच ठरलं होतं," संध्या म्हणाली. "पुढचे तीस मी मुद्दाम थांबले. म्हणलं, तुम्ही वळखताल."

सरांनी गाडी कडेला घेतली. डोक्यात नुसता कालवा. निकाल फिरलाय, नागपूर गेलंय, आता हे कोणाला कळणार आहे? अन् नुसतं थांबणं वेगळं, मुद्दाम थांबून खूण करणं वेगळं; सांगितलं तर दोघांनाही पुन्हा कोणी टेबलावर बसू देणार न्हाई. तिला तर दुसरं काही सुखच न्हाई. त्यांनी मागं वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं, नेहमीसारखं वाचायला. काही म्हणता काही वाचता येईना.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला विचारलं, "काय करायचं?"

"गाडी फिरवा," संध्या म्हणाली.