इचलकरंजीची सकाळ

इचलकरंजीची सकाळ माझ्या लॅपटॉपमधून बाहेर सांडायला लागली, तेव्हा मी वँकुव्हरच्या विमानतळावर बसले होते आणि तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी कायम दोन घड्याळं ठेवते. एक जिथे असेन तिथलं, एक घरचं. यंत्रमाग बसवून द्यायला देशोदेशी फिरावं लागतं, आणि घरी या घडीला कोण जागं असेल हे त्याशिवाय कळत नाही. आता घरच्या घड्याळातून ऊन निघून माझ्या मांडीवर पडलं होतं. कोवळं होतं. त्याला फोडणीचा वास येत होता.

काचेबाहेर बर्फ पडत होतं. विमान कधी सुटेल ते कोणी सांगत नव्हतं.

आईचा फोन आला. "वृंदा, रेवतीला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऊन वर येईपर्यंत होईल."

रेवती माझी धाकटी बहीण. तिचं पहिलंच बाळंतपण. मी तुझ्याजवळ असेन, असं मी तिला सांगून निघाले होते.

तेवढ्यात लॅपटॉपने विचारलं, घरच्या घड्याळाला इथली वेळ लावू का? मी हो म्हटलं. ऊन माझ्या मांडीवरून उठलं आणि स्क्रीनमध्ये परत गेलं.

फोनवर आई हळूच म्हणाली, "अगं, सूर्य मागे फिरला. कालची संध्याकाळ आलीय. देवापुढचा विझलेला दिवा आपोआप लागलाय. सगळी गल्ली गच्च्यांवर चढलीय. तुझे बाबा हात जोडून उभे आहेत."

ऊन वर येत नाही तोवर बाळही थांबेल, असं मला वाटलं.

बर्फ थांबेना. घरच्या रात्री आखूड होत चालल्या होत्या. उजाडायला आलं, की मी घड्याळ पुन्हा मागे घ्यायचे. दर वेळी विमानतळावरचं ते दालन थोडं आकसायचं. भिंती पुढे आल्या, बाकं एकमेकांना भिडली, अनोळखी गुडघे गुडघ्यांना लागले. कोणी तक्रार केली नाही. लोक बॅगा पोटाशी धरून सरकत राहिले.

मग रेवतीच फोनवर आली.

"ताई, सकाळ मागे जाते. कळा मागे जात नाहीत."

"थोडं थांब गं. सुटेल विमान."

"मी थांबलेय. बाळ थांबत नाहीये."

माझ्या खांद्याला खांदा लावून प्रभुदेसाईबाई बसल्या होत्या. मुलाकडे राहून कल्याणला परत निघालेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सोडा तिला आता," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दाखातर अडलीय ती."

मला तिचा हात धरायचा होता, एवढंच. मी डोळे पुसले आणि घरच्या घड्याळाला घरची वेळ लावली.

आधी तांबूस कड दिसली. मग सबंध सूर्य वर आला, स्क्रीनहून कितीतरी मोठा, तरी स्क्रीनमधूनच. तो छताला टेकला. बाहेरचं बर्फ केशरी झालं. लोकांनी डोळ्यांवर हात धरले. कोणी कोणी बूट काढून उभे राहिले. भिंती मात्र होत्या तिथेच राहिल्या.

"आई, झालं का?"

फोनमध्ये नुसते श्वास ऐकू येत होते, खूप माणसांचे.

स्क्रीनच्या खालच्या कडेवर पाच ओली, इवली बोटं आली आणि त्यांनी ती कड घट्ट धरली.